सॅक, बूट आणि चिखलवाट : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आषाढ जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बहुतेक ठरलेला असतो : पन्हाळा ते पावनखिंड. यंदाही तसंच झालं आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांब पत्रांतला मुद्द्याचा भाग तेवढा ठेवला आहे.

रोज सकाळी रंकाळ्याला तासभर चालतो. वय ४७. जुलैत पन्हाळा–पावनखिंड करायचा आहे. दोन महिन्यांत तयारी होईल का?
– एक वाचक, शिवाजी पेठ

होईल. पण रंकाळ्याच्या चालण्यात तीन गोष्टी नसतात : चढउतार, पाठीवरचं वजन, आणि आज दमल्यावर उद्या परत चालणं. तयारी या तिन्हींची करायची आहे, नुसत्या किलोमीटरची नाही.

आधी वाट समजून घ्या. पन्हाळ्यावरून उतरून म्हाळुंगे, तिथून चढून मसाई पठार, पुढे कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबर्डे, मग रिंगेवाडी, पाटेवाडी, म्हसवडे, पांढरपाणी आणि पावनखिंड. सगळं मिळून साधारण पन्नास किलोमीटर. बहुतेक मंडळी करपेवाडी–आंबर्ड्याच्या आसपास मुक्काम करून दोन दिवसांत चालतात. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा फोडून महाराज रातोरात विशाळगडाकडे गेले, म्हणून काही तरुण हा पल्ला एका दमात मारायला निघतात. पहिल्या खेपेला ते करू नका. अंधारात ओल्या जांभ्यावरून दमलेल्या पायांनी चालताना घोटे मुरगळतात, आणि वाटेत पाहण्यासारखं जे आहे त्यातलं काहीच दिसत नाही.

आठवड्यांचा हिशेब असा ठेवा. पहिले दोन आठवडे नेहमीचंच चालणं, पण पाठीवर ३ किलो. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या घ्या, त्रास झाला तर ओतून देता येतात. रविवारी ८ ते १० किलोमीटर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वजन ५ किलो आणि रविवारी जोतिबाचा डोंगर किंवा पन्हाळा पायी. चढून गाडीने परत यायचं नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. त्या कामाची सवय नसली की दुखणं त्याच दिवशी जाणवत नाही, दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरताना कळतं. ट्रेकमध्ये तो दुसरा दिवस चालण्याचाच असतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात शनिवारी १५ आणि रविवारी १२ किलोमीटर, लागोपाठ. हा सराव सगळ्यांत मोलाचा आहे आणि नेमका तोच टाळला जातो. सातव्या आठवड्यात ट्रेकचेच बूट, तीच सॅक, पूर्ण वजन घेऊन २० किलोमीटर, पाऊस असेल तर उत्तम. आठव्यात हलकं चाला आणि झोप पुरी करा.

वेळेचा अंदाज ट्रेकर असा बांधतात : सपाटीला तासाला ५ किलोमीटर, आणि दर १०० मीटर चढाला १० मिनिटं जादा. २५ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ म्हणजे कागदावर सहा तास. चिखलात, पाठीवर वजन घेऊन त्याची दीडपट धरा, वर जेवण-विश्रांती. म्हणजे सकाळी सहाला निघालात तर पाच-साडेपाचला मुक्काम. नऊला निघणारे अंधारात पोचतात, त्याचं कारण एवढंच.

रक्तदाब, मधुमेह किंवा चढताना छातीत दडपण येत असेल तर सरावाच्या आधी डॉक्टरांना दाखवा, ट्रेकच्या आदल्या आठवड्यात नको.

नवीन ५० लिटरची सॅक घेतली. दोन तासांतच खांदे जाम होतात, मान आखडते. सॅक खराब आहे की माझं काही चुकतंय?
– एक वाचक, इचलकरंजी

बहुतेक वेळा सॅक चांगली असते, ती बांधलेली चुकीची असते. खांद्याचे पट्टे सॅक पाठीला लावून धरण्यासाठी असतात. वजन कमरेच्या पट्ट्याने घ्यायचं असतं, कारण मांडीचे नि नितंबाचे स्नायू मोठे आहेत, खांद्याचे नाहीत.

आधी पाठीचं माप घ्या. मान पुढे झुकवली की खाली एक मणका टपोरा लागतो, तिथपासून सुरुवात. दोन्ही हात कमरेवर असे ठेवा की अंगठे मागे येतील आणि बोटं कमरेच्या हाडाच्या कडेवर बसतील. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ म्हणजे शेवट. या दोन्हींतलं अंतर सॅकच्या पाठीच्या मापाशी जुळायला हवं. उंची सारखी असलेल्या दोघांचं हे माप वेगळं असू शकतं, म्हणून मित्राला बसली तीच सॅक तुम्हाला बसेल असं नाही. खांदे अरुंद असणाऱ्यांनी, विशेषतः बायकांनी, पट्टे गळ्याशी किंवा काखेत काचतात का ते दुकानातच बघावं. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते, तेव्हा ८–१० किलो घालायला सांगा.

आता बांधणी, याच क्रमाने. सगळे पट्टे सैल करा. सॅक पाठीवर घेऊन किंचित पुढे वाका. कमरेचा पट्टा असा आणा की त्याच्या गादीचा मध्य कमरेच्या हाडाच्या टोकावर येईल, आणि बकल घट्ट ओढा. पोटावर बांधला तर जेवल्यावर सैल करावासा वाटतो आणि वजन पुन्हा खांद्यावर जातं. ही चूक सगळ्यांत जास्त दिसते. मग खांद्याचे पट्टे फक्त टेकतील इतकेच ओढा. मग खांद्यावरून सॅकच्या वरच्या बाजूला जाणारे छोटे पट्टे हलके ओढा, ते तिरके दिसायला हवेत, साधारण ४५ अंशांत. शेवटी छातीचा पट्टा, श्वास अडणार नाही इतका. खांद्याचा पट्टा आणि खांदा यांमध्ये दोन बोटं सहज सरकली तर काम झालं.

भरताना स्लीपिंग बॅग आणि रात्रीचे कपडे तळाशी. जड वस्तू, म्हणजे शिधा, पाणी, भांडी, पाठीला चिकटून मधल्या उंचीवर. जड डबा बाहेरच्या खिशात ठेवला तर सॅक मागे खेचते, माणूस नकळत पुढे वाकतो आणि मान आखडते. तुमच्या तक्रारीत हा भाग नक्की तपासा.

एकूण वजन आपल्या वजनाच्या पाचव्या भागाहून जास्त नको. ६० किलोच्या माणसाला १२ किलो ही वरची हद्द, तीसुद्धा तंबू आणि शिध्यासकट. पावनखिंडीसाठी, गावात मुक्काम आणि जेवण ठरलेलं असेल तर ६–७ किलो पुष्कळ झाले. घरचा वजनकाटा काढा, एकेक वस्तू मोजा, कागदावर लिहा. जीनची पँट, जाड टॉवेल, तिसरा टी-शर्ट आणि मोठी साबणाची वडी यांची नावं यादीत दिसली की काय काढायचं ते तुमचं तुम्हालाच समजेल.

बूट कोणते घ्यावेत? वॉटरप्रूफ महाग आहेत, पण पावसाळ्यात तेच लागतात ना? मागच्या वेळी दोन्ही टाचांना फोड आले होते.
– एक वाचक, गडहिंग्लज. असेच प्रश्न कागल आणि जयसिंगपूरहून

आमच्या पावसाळ्यासाठी वॉटरप्रूफ बुटांवर पैसे घालवू नका. इथलं पाणी बुटाच्या कातड्यातून आत येत नाही, वरून येतं. ओढा घोट्याच्या वर असतो, पँटवरून पाणी ओघळून मोज्यात उतरतं. एकदा आत गेलं की वॉटरप्रूफ पडदा ते बाहेरही सोडत नाही, आणि दिवसभर पाय डबक्यात राहतो. जाळीचा, भराभर निथळणारा, खाली खोल खाचा असलेला बूट सह्याद्रीत बरा. बर्फात जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

तळव्याचं रबर नखाने दाबून बघा. नख जरा रुतलं पाहिजे. टणक, चकचकीत तळवा ओल्या जांभ्यावरच्या शेवाळावर घसरतोच. आमच्या कोल्हापुरी चपलेचा अभिमान आम्हालाही आहे, पण कातडी तळवा चिखलाच्या घसरणीवर घालू नये.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. ट्रेकचेच मोजे घाला. नाडी सोडून पाय पुढे सरकवा, टाचेमागे एक बोट मावलं पाहिजे. मग नाडी बांधून दुकानातल्या पायरीवर तोंड खाली करून उभे राहा. अंगठा पुढे टेकत असेल तर उतारावर नखं काळी पडणार. नखं ट्रेकच्या तीन-चार दिवस आधी सरळ कापा.

फोड कसा येतो ते कळलं की टाळता येतो. आतलं हाड पावलागणिक हलतं, वरची कातडी ओल्या मोज्याला चिकटून राहते, आणि मधले थर घासून सुटतात. त्या पोकळीत पाणी भरतं. म्हणजे हलणं आणि ओल ही दोन कारणं. हलणं कमी करायला नाडीची टाचबंद गाठ : बुटाच्या सगळ्यात वरच्या दोन भोकांतून नाडी त्याच बाजूला ओवून छोटा फासा करायचा, दुसऱ्या बाजूची नाडी त्या फाशातून घालून मागे-खाली ओढायची, मग नेहमीची गाठ. टाच बसून राहते.

फोड येण्याच्या आधी त्या जागी गरम, चुरचुरल्यासारखं वाटतं. तेव्हाच थांबा. 'पुढच्या वाडीत बघू' म्हटलं की फोड आलाच. बूट-मोजा काढा, पाय पुसून दोन मिनिटं वाऱ्याला धरा, आणि कापडी चिकटपट्टी लावा, कोपरे गोल कापून. चौकोनी कोपरा मोज्यात अडकून सुटतो. पट्टी ओल्या किंवा व्हॅसलीन लावलेल्या कातडीवर चिकटत नाही, म्हणून ज्यांना टाचेला हमखास फोड येतात त्यांनी सकाळी कोरड्या पायावर पट्टी आणि उरलेल्या तळव्याला, बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन, असं वाटून घ्यावं. मोजे सुती नकोत. सूत पाणी धरून ठेवतं. लोकर किंवा सिंथेटिक घ्या.

फोड मोठा आणि दुखरा असेल, चालायचं अजून बाकी असेल, तर साबणाने धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला, तळाशी, दोन ठिकाणी टोचा. पाणी दाबून काढा. वरची कातडी सोलू नका, तीच उत्तम मलमपट्टी. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र स्वतः टोचू नये.

आणि एक कोरडी मोज्यांची जोडी फक्त झोपताना घालायची. दिवसभर भिजून पांढरे पडलेले पाय रात्री सहा-सात तास कोरडे राहिले तरच दुसऱ्या दिवशी टिकतात. सकाळी ती जोडी पुन्हा पिशवीत टाकायची आणि ओले मोजे चढवायचे. नको वाटतं, पण दहा मिनिटांत ऊब येते.

सॅकला रेनकव्हर होतं, तरी सगळं भिजलं. असं का?
– एक वाचक, कागल

कव्हर पाठीच्या बाजूला नसतं. मानेवरून आलेलं पाणी पाठीच्या गादीतून आत झिरपतं आणि कव्हरच्या तळाशी साठतं. कव्हर चिखल आणि काटे अडवायला ठीक. खरं संरक्षण आतून : सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी, त्यात सगळं, तोंड पिळून दुमडून. शेताच्या दुकानात खताच्या पोत्यातलं अस्तर मिळतं, ते नवं आणि न वापरलेलं असेल तर उत्तम चालतं. झोपायचे कपडे आणि स्लीपिंग बॅग आणखी एका वेगळ्या पिशवीत. चालताना तुम्ही भिजणारच, ते मान्य करून टाका, फक्त रात्रीचं कोरडं राखा.

तीन दिवसांचा शिधा माणशी किती घ्यावा? मॅगी सोडून काही सांगा.
– एक वाचक, गारगोटी

माणशी रोज ७०० ग्रॅम कोरडा शिधा धरा. त्याची वाटणी अशी करता येते : पोहे १००, तांदूळ १५०, मूगडाळ ७५, तूप ३०, शेंगदाणे १००, गूळ ५०, भडंग ७५, खजूर ५०, दूध पावडर ४०, साखर ३० ग्रॅम. यातून साधारण २,९०० कॅलरी मिळतात आणि दिवसभर वजन घेऊन चालणाऱ्याला बहुतेक तेवढ्या पुरतात. मीठ, तिखट, हळद, चहापूड वेगळी.

हिशेबाचं सूत्र म्हणजे ग्रॅमला किती कॅलरी. तूप ग्रॅमला ९, शेंगदाणे साडेपाचच्या वर, पोहे-तांदूळ साडेतीनच्या आसपास. सफरचंद, काकडी यांत ८५ टक्क्यांहून जास्त पाणीच, ते पाठीवर कशाला? पहिल्या दिवशी दुपारी घरची दशमी, चटणी, कांदा. दुसऱ्या दिवसापासून शिधा. दशमी दुधात भिजवलेली असेल तर चपातीपेक्षा जास्त टिकते, पण पावसाळी दमट हवेत दुसऱ्या दिवशी वास घेऊनच खा.

चालताना दर तासाला मूठभर : शेंगदाणे, गूळ, खजूर. भूक लागेपर्यंत थांबलं की पायातलं बळ आधीच गेलेलं असतं. गुळाचा खडा पावसात पाघळतो, म्हणून शेंगदाण्याचा कूट आणि गूळ एकत्र कुटून लाडू वळा, प्रत्येक लाडू वेगळ्या कागदात. तांदूळ-डाळ घरीच एकत्र करून एकेका वेळेच्या पिशव्या बांधा. मुक्कामाला पोचल्याबरोबर ती भिजत घाला, तासाभराने खिचडी निम्म्या इंधनात होते.

गॅसचा छोटा सिलिंडर कोल्हापूरहून रेल्वेने नेता येतो का? आणि थंडीत स्टोव्ह विझतो, तो का?
– एक वाचक, राजारामपुरी

नाही. रेल्वेत, विमानात आणि एसटीतही ज्वालाग्राही वस्तू नेता येत नाहीत. लांब जाणार असाल तर रिकामा स्टोव्ह न्या आणि गॅस तिकडे घ्या.

विझण्याचं कारण गॅसच्या जातीत आहे. साधा ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो. आयसोब्युटेन उणे १२ अंशांपर्यंत, प्रोपेन त्याहून पुष्कळ खाली चालतो. म्हणून थंडीसाठी प्रोपेन मिसळलेला डबा घ्या आणि रात्री तो स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा. झाकण ठेवून, वारा अडवून एक लिटर पाणी उकळायला १० ते १५ ग्रॅम गॅस लागतो. वारा अडवायला सगळीकडून पत्रा लावू नका. डबा खालून तापतो आणि फुटू शकतो. एक बाजू उघडी हवी. तंबूच्या आत स्टोव्ह कधीच नको.

ओढ्याला पाणी आलं तर पार कसं करायचं? आणि वाटेतलं पाणी प्यावं का?
– एक वाचक, मलकापूर

पहिला नियम : वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरायचं नाही. गढूळ, फांद्या-पाचोळा वाहून आणणारं पाणी चढतं असतं. घाटातला ओढा पाऊस ओसरल्यावर दोन-तीन तासांत उतरतोही, तेव्हा थांबणं हाच बहुतेकदा उपाय. कोल्हापूरकरांनी २०१९ आणि २०२१ साली पुराचं पाणी दारात पाहिलं आहे, वेगळं सांगायला नको.

उतरायचंच ठरलं तर रुंद, पसरट जागा शोधा. अरुंद जागी पाणी खोल आणि जोरकस असतं. खालच्या बाजूला धबधबा किंवा झाडांचा अडसर नाही ना ते पाहा. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येते. बूट काढू नका. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे टेकवून, एका वेळी एकच पाय किंवा काठी हलवायची. बाकी दोन टेकलेलेच. दोरी अंगाला बांधून उतरू नका. घसरलात तर तीच दोरी पाण्याखाली धरून ठेवते.

पिण्याचं पाणी गावातल्या नळाचं किंवा झऱ्याच्या उगमाचं घ्या. वर गुरं चरत असतील तर 'डोंगरातलं स्वच्छ पाणी' असं काही नसतं. गढूळ पाणी आधी दुपदरी फडक्यातून गाळा, मग एक मिनिट खळखळून उकळा किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही, क्लोरीन मातीतच खर्ची पडतो. घाम फार गेला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

पायाला जखम असेल तर शेताच्या, गोठ्याच्या चिखलातून जाताना ती झाकून घ्या. ट्रेकनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना 'पावसात चिखलातून चाललो होतो' हे आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिस हा अशा चिखलातून होणारा आजार ओळखायला तेवढं वाक्य पुरेसं ठरतं.

मसाई पठारावर धुक्यात वाट हरवते म्हणतात. मोबाइल असला की चालेल ना?
– एक वाचक, कळंबा

मोबाइलचं जीपीएस नेटवर्कशिवाय चालतं, पण नकाशा आधी उतरवून घेतलेला हवा. घरीच इंटरनेट बंद करून उघडून बघा. चालताना फोन फ्लाइट मोडवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, अंगाशी. १०,००० एमएएचची पॉवरबँक प्रत्यक्षात साडेसहा हजारांच्या आसपासच देते, म्हणजे ५,००० च्या फोनला एकदा पूर्ण आणि वर थोडं. ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही, म्हणून कागदावर वाड्यांची नावं क्रमाने लिहून खिशात ठेवा.

पठारावर अडचण अशी की वाटा कमी नसतात, फार असतात. ढोरवाटा चांगल्या मळलेल्या दिसतात आणि गवताच्या पट्ट्यात किंवा पाणवठ्यावर जाऊन संपतात. माणसांची वाट पुढच्या वस्तीच्या दिशेने टिकून राहते. पंधरा मिनिटं चालून खूण दिसली नाही तर पुढे शोधत जायचं नाही. शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत मागे यायचं. कडेला दाट धुकं असेल तर बसून राहा. वाऱ्याने ते फाटतं, तेवढ्यात दिशा घ्या.

वाटेत धनगरबाबा किंवा मावशी भेटल्या तर 'ही वाट खोतवाडीलाच जाते ना?' असं विचारू नका. भल्या मनाने 'व्हय' म्हणतील. 'खोतवाडीला कुठनं जायाचं?' असं विचारा आणि हात कुठे जातो ते बघा. अंतर विचारताना किलोमीटर नको, 'तुमाला किती येळ लागतो' विचारा आणि त्याची दुप्पट धरा.

शिट्टी गळ्यात हवी. एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा : ही मदतीची हाक. उत्तर तीन शिट्ट्यांचं.

ऑक्टोबरात मसाई पठारावर तंबू टाकायचा आहे. काय काळजी घ्यावी? राधानगरीच्या जंगलात टाकता येईल का?
– एक वाचक, कोडोली

राधानगरी हे राज्यातलं सगळ्यांत जुनं अभयारण्य, गव्यांसाठी राखलेलं, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशातही आहे. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय आत जाणंही चालत नाही, तंबू तर दूरच. गव्याला तंबूच्या दोरीत पाय अडकणं दोघांनाही महागात पडेल.

पठारावर टाकायचा तर आधी जवळच्या गावात विचारा. जांभ्यावर मातीचा थर वीतभरही नसतो, खुंट्या शिरत नाहीत. म्हणून स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा घुमटी तंबू न्या आणि दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. आणलेले दगड सकाळी होते तिथे परत ठेवा. त्यांच्याखाली विंचू असतो, तेव्हा उचलताना पलीकडची कड आपल्याकडे उचला, म्हणजे खालचं जनावर तुमच्यापासून लांब पळेल. शेकोटी नको. ऑक्टोबरच्या वाळत्या गवतात ठिणगी पुरते.

त्या महिन्यात दुपारनंतर गडगडाट होतो. उघड्या पठारावर सगळ्यांत उंच तुम्हीच असता, म्हणून ढग चढताना दिसले की वीज चमकायची वाट न बघता खाली उतरा. आणि सकाळी तंबू आतून ओला असेल तर तो गळत नाही. तो तुमचाच श्वास गार कापडावर थिजलेला असतो. दोन्ही बाजूंच्या खिडक्या रात्री अर्ध्या उघड्या ठेवा.

आम्ही चौघी मैत्रिणी आहोत, कॉलेजच्या. शौचाचं आणि पाळीचं काय करायचं हे कोणी नीट सांगत नाही.
– एक वाचक, विद्यापीठ परिसर

पाण्यापासून आणि वाटेपासून साठ मीटर, म्हणजे ऐंशीएक पावलं लांब. छोट्या खुरपीने वीतभर खोल खड्डा, नंतर मातीने बुजवायचा. ओला टिश्यू पुरू नका, तो कुजत नाही. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून काळ्या झिपपिशवीत, त्यात दोन चमचे खाण्याचा सोडा टाकला की वास येत नाही. पिशवी परत घरी. पाळीचा कप (मेन्स्ट्रुअल कप) वापरत असाल तर घरी दोन-तीन पाळ्यांचा सराव आधी करा, ट्रेकमध्ये पहिल्यांदा नको. लघवी लागेल म्हणून पाणी कमी पिणं मुली फार करतात. त्याने डोकं दुखतं, चक्कर येते. लांब पोंचो (डोक्यातून घालायचा सैल रेनकोट) असला की आडोसा लागत नाही.

जळवा आणि साप. थोडक्यात सांगा.
– एक वाचक, आजरा

जळू ओढू नका, डाग देऊ नका, मीठ टाकू नका. चिकटलेल्या बारीक टोकाशी नख आडवं सरकवून ती सोडवा. भाजली की ती पोटातलं जखमेत ओकते. रक्त नंतरही वाहतं, कारण ते गोठू न देणारं द्रव्य तिने सोडलेलं असतं. दहा मिनिटं दाबून धरा.

साप चावला तर आवळपट्टी, चिरा, चोखणं यांतलं काहीही नाही. माणसाला चालवू नका, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, अंगठी-कडं काढा, १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना. साप पकडत बसू नका. उपचाराला त्याची गरज नसते.

पावनखिंड झाली. आता आठ-दहा दिवसांची लांब वाट चालायची आहे. हिमालय आधी करू की सह्याद्री?
– दोन वाचक, कोल्हापूर

सह्याद्री. लांब वाटेत शिकायचं असतं ते रोज उठून चालणं, आणि त्यासाठी घरापासून एसटीच्या अंतरावरची जागा बरी. हिमालयात त्यात उंचीची भर पडते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, त्यामुळे ३,००० मीटरच्या पुढे शरीराला वेळ द्यावाच लागतो, माणूस कितीही दणकट असो. नियम असा : ३,००० नंतर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरहून जास्त वर नको आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती. डोकेदुखीबरोबर उलटी, तोल जाणं, बसल्या जागी धाप यांतलं काही दिसलं तर रात्र असली तरी खाली.

लांब वाटेची आखणी आपल्याकडे वारकऱ्यांइतकी कोणाला कळत नाही. माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला सुमारे अडीचशे किलोमीटर जाते ती तीन आठवड्यांच्या आसपास. टप्पे लहान, विसावे ठरलेले, शिधा आणि मुक्काम आधीच पुढे. तुम्हीही पहिले तीन दिवस १२ किलोमीटरच ठेवा. उत्साह असतो म्हणून पहिल्याच दिवशी २५ मारले की चौथ्या दिवशी घोट्यामागची शीर किंवा नडगी दुखायला लागते आणि ते दुखणं चालता चालता बरं होत नाही. चौथ्यापासून १५ ते १८, सहाव्या दिवशी पूर्ण विश्रांती.

दहा दिवसांचा शिधा पाठीवर घेतला तर सात किलो होतो. घेऊ नका. तीन-तीन दिवसांचा घ्या आणि वाटेतल्या बाजारगावात भरा. त्या गावाचा आठवडी बाजार कोणत्या वारी ते आधी विचारा. छोट्या वाडीतल्या दुकानात बिस्किटं, शेंगदाणे, साखर-चहा मिळतो, तूप आणि दूध पावडर मिळेलच असं नाही, ती बरोबर ठेवा. दर मुक्कामापुढे वहीत लिहा : जवळचा डांबरी रस्ता किती लांब, पहिली एसटी किती वाजता, फोन कुठल्या टेकाडावर लागतो. घरी एकाकडे त्याच पानाची प्रत द्या आणि ठरवा की अमुक वेळेनंतर फोन नाही आला तर काय करायचं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून साडेचारनंतर नवा टप्पा सुरू करायचा नाही, हेही त्याच पानावर वर लिहून ठेवा.